‘नियोजन शून्य’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या कॉलेजासाठी आम्ही काढलेल्या श्रीलंकेच्या अभ्याससहलीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल वाचला. एक स्टार, आणि खाली ‘सिगिरियाला पोरांना भर उन्हात चढवलं, दोन मुली अर्ध्यातून परतल्या, अनुराधापुरात पाय भाजले, नियोजन शून्य.’ मुलींना त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाय भाजले ती चूक तर सरळ माझीच. अनुराधापुरातल्या रुवनवेलीसाय स्तूपाच्या आवारात चपला-बूट काढावे लागतात आणि दुपारी तिथली फरशी तव्यासारखी तापते, हे मला ठाऊक होतं. जाड मोजे आणा म्हणून आधी सांगायला पाहिजे होतं. राहून गेलं.

पण सर, ‘भर उन्हात चढवलं’ हे वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

सिगिरियाचा खडक जवळजवळ २०० मीटर उंच, पायऱ्या १,२०० च्या आसपास, आणि शेवटच्या चढाला सावली नाही. म्हणूनच निघायची वेळ पहाटे साडेपाचची ठेवली होती. दांबुल्ल्याच्या आपल्या हॉटेलापासून अंतर वीसेक किलोमीटर. गेट उघडलं की चढायचं आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. आदल्या रात्री जेवताना ही वेळ मी दोनदा सांगितली होती. साडेपाचला मी आणि ड्रायव्हर नाश्त्याची पाकिटं घेऊन गाडीपाशी उभे होतो. खाली सहाच जण आले. तुम्हाला उठवायला आलो, तर दार अर्धं उघडून तुम्ही म्हणालात, ‘झोपू द्या ना भाऊ, पोट्टे रात्री दोनपर्यंत जागे होते.’ गुरुजींचा शब्द मोडणं माझ्याच्यानं झालं नाही. गाडी हलली पावणेनऊला.

पुढचा उशीर तिकिटाच्या खिडकीवर झाला. सार्क देशांच्या पर्यटकांना तिथं सवलत मिळते, पण पासपोर्ट दाखवला तरच. चौघांचे पासपोर्ट हॉटेलातच राहिले होते. पूर्ण तिकीट काढलं असतं तर वेळ वाचला असता, पण ते पैसे पोरांच्या खिशातून गेले असते. कोणाच्या बापानं धान विकून सहलीचे पैसे भरले ते मला माहीत आहे. म्हणून गाडी परत पाठवली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा अकरा वाजायला आले होते.

शेवटच्या चढाआधी सिंहाचे भलेमोठे पंजे घडवलेले आहेत, तिथं एका मुलीला गरगरायला लागलं. मी तिथंच तिच्याजवळ बसलो, साखर-मिठाचं पाणी पाजलं, आणि तिला व तिच्या मैत्रिणीला हात धरून खाली आणलं. भित्तिचित्रं दोघींची पाहून झाली होती, ती पंज्यांच्या अलीकडेच लागतात. तिथं फोटो काढू दिले नाहीत असंही तुम्ही लिहिलं आहे. तो तिथला नियम आहे सर, आमचा नाही.

आणि नियोजन शून्य? तुम्ही दिवाळीच्या सुटीत जाऊ म्हणत होता. त्या दिवसांत अनुराधापूरकडं पाऊस असतो, म्हणून मीच हात जोडून फेब्रुवारी ठरवला. अकरा पोरांकडं पासपोर्ट नव्हते. माझ्या गाडीतून त्यांना नागपूरला नेलं, पोलीस पडताळणीसाठी ठाण्याच्या चकरा मारल्या, वरचा एक रुपया घेतला नाही. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांना पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर, जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत तिथं, नेलं, कारण तिकडचे स्तूप पाहताना पोरांना आपल्या मातीतला स्तूप आठवावा असं मला वाटत होतं. अनुराधापुरात एका पोरानं त्याचं नाव काढलंही. तेव्हा तुम्ही बाजूलाच होता.

तालुक्याच्या गावात हा धंदा नावावर चालतो. तुमचं लिहिणं वाचून एका शाळेनं पुढची सहल ‘सध्या थांबवा’ म्हणून कळवलं. बुकिंगचा निम्मा पैसा मी भरून बसलो आहे.

यापुढे रोजची वेळ लेखी देऊ, मोज्यांचं पत्रकात टाकू, बाकीही सुधारणा करू. त्या दोघी मुलींच्या घरी मी स्वतः जाऊन भेटणार आहे. शनिवारी कॉलेजात येतो. हिशेबाची वही आणि त्या दिवसाचं वेळापत्रक सोबत आणतो. तुम्ही बघा, आणि तुम्हाला बरोबर वाटलं तर ‘भर उन्हात चढवलं’ ही एक ओळ तेवढी बदला.