शेवटचं तिकीट कधी काढलं, याचं उत्तर

गिरणगावातल्या आमच्या नाक्यावरच्या बंद पडलेल्या थिएटरवर मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर एका वाचकांची चांगली ऐसपैस प्रतिक्रिया आली आहे. टोपणनावाने लिहिलेली आहे, त्यामुळे साहेब म्हणू की बाई ते कळत नाही. म्हणून 'आपण' म्हणतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं: थिएटरात ढेकूण होते, मुतारीचा वास आतपर्यंत यायचा, ब्लॅकवाल्यांची दादागिरी होती, बायकामुलींना अंधारात त्रास व्हायचा, मालकांनी वर्षानुवर्षं गल्ला मोजला आणि खुर्चीचा एक स्क्रू बदलला नाही. म्हणून ही थिएटरं मेली, मल्टिप्लेक्समुळे नाही, आणि मेली ते बरंच झालं. लेखातली एक चूकही आपण पकडली आहे. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य: "जुन्या थिएटरांच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी आपण स्वतः शेवटचं तिकीट कधी काढलं, ते आधी सांगावं."

आधी चूक. मान्य आहे. 'अयोध्येचा राजा' हा पहिला बोलपट असं मी लिहिलं, तिथे 'मराठी' हा शब्द गळला. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला. 'अयोध्येचा राजा' त्यानंतरचा, १९३२ सालचा. दुरुस्ती केली आहे. आभार. 'अभ्यास करून लिहीत जा' हे पुढे जोडलं नसतं तर आभार जरा जास्त मनापासून मानले असते.

आता गळे काढणं. गळे मयताला काढतात. माझा लेख पुन्हा वाचा, त्यात एक टिपूसही सापडायचं नाही. चार परिच्छेद मी प्रोजेक्टरमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर लिहिलेत. रडणारा माणूस कार्बनच्या कांड्यांवर लिहितो का? पण जुन्या गोष्टीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या की 'नॉस्टॅल्जिया' म्हणायचं आणि आपण फार व्यवहारी असल्याचं समाधान मिळवायचं, ही हल्लीची रीत झाली आहे.

राहिला तिकिटाचा प्रश्न. सांगतो. त्या थिएटरचं तिकीट मी आयुष्यात एकदाही काढलेलं नाही. एकदाही. माझे वडील, अण्णा, तिथे प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते.

शाळा सुटली की डबा घेऊन मागच्या लोखंडी जिन्याने मी केबिनमध्ये जायचो. केबिन म्हणजे दगडी खोली, प्रोजेक्टरची दोन मशिनं, आणि पडद्याच्या बाजूला भिंतीत झरोके. त्या झरोक्यांना लोखंडी झडपा होत्या. पूर्वीची नायट्रेटची फिल्म भडका घ्यायची, तेव्हा आग लागली की झडपा पाडायच्या, म्हणजे हॉलमध्ये ज्वाळा जाणार नाहीत. ऑपरेटर आत. हे अण्णा हसत सांगायचे, मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, कारण फिल्म मिनिटाला नव्वद फुटांनी पळते. तीन तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे सोळा-सतरा रिळं. एका मशिनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. त्यावर दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर दुसऱ्या मशिनचं चित्र घ्यायचं. खाली पब्लिक रडत असायचं, नाहीतर शिट्ट्या मारत असायचं, आणि अण्णा त्या कोपऱ्याकडे बघत असायचे. शेकडो सिनेमे त्यांनी असे कोपऱ्यातून पाहिले. शिवाय कार्बन. दोन कांड्यांमधल्या फटीत प्रकाश पेटतो आणि कांड्या जळत जातात, म्हणून ती फट सतत सारखी ठेवायला लागते. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा. आणि फिल्म मध्येच अडकली की नायिकेच्या चेहऱ्यावर तपकिरी फोड येऊन चेहराच वितळायचा. खालून ऑपरेटरच्या आईबहिणीचा उद्धार व्हायचा. ती आई म्हणजे माझी आजी, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर शेंगा सोलत बसलेली.

कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची. आमच्याकडे उतरलेलं रीळ सायकलवाला तिकडे न्यायचा, तिकडचं इकडे आणायचा. गणपतीत रस्ता अडला की अण्णा जिन्यात येऊन उभे राहायचे. हे सगळं तिकीट काढून दिसत नाही, साहेब. (किंवा बाई.) तेव्हा 'आधी सांगावं' हा हुकूम मला द्यायच्या आधी समोर कोण आहे याची थोडी चौकशी केली असती तर बरं झालं असतं.

मालकांबद्दल. मालकाची वकिली मी कशाला करू? अण्णांचा पगार दोन-दोन महिने थकायचा. पण गिरणगावातलं थिएटर खुर्चीच्या स्क्रूमुळे मेलं असं म्हणणाऱ्याने गिरणगाव पाहिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पहिली पाळी सुटली की सहाच्या शोला गर्दी. दुसऱ्या पाळीवाले दुपारी, कामावर चढायच्या आधी. पगाराच्या आठवड्यात हाऊसफुल्लचा बोर्ड आत न्यायलाच लागायचा नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले काही आठवडे थिएटर उलट भरलं, माणसं रिकामीच होती. मग हातातले पैसे संपले. मग माणसं गावी गेली. कोकणातली कोकणात, घाटावरची घाटावर. त्याच वर्षाच्या शेवटी एशियाड आलं आणि त्याबरोबर रंगीत टीव्ही. मागोमाग भाड्याचे व्हिडिओ. ज्या खोलीत चूल पेटायची पंचाईत, तिथला माणूस बाल्कनीची नवी गादी बघून आला असता का? खुर्च्या सोन्याच्या केल्या असत्या तरी बसायला कोण होतं?

लालबागचं भारतमाता थिएटर बघा. गिरणीच्याच जागेवर उभं. आजूबाजूची एकेक अंधारात गेली तरी ते मराठी सिनेमे लावत राहिलं. तिथल्या खुर्च्या काय विलायतेहून आणल्या होत्या?

मल्टिप्लेक्स हा शब्द माझ्या लेखात एकदा येतो. मोजा. तोही करमणूक कराच्या संदर्भात, कारण मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करात सवलत होती आणि नाक्यावरच्या थिएटरला नव्हती. एवढंच लिहिलं आहे. आपण भांडताय ते दुसऱ्याच कुणाशी तरी.

ब्लॅकचं म्हणाल तर 'आलम आरा'च्याच वेळी चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेल्याचं सांगतात, आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवायला लागले होते. म्हणजे ब्लॅकवाला बोलपटाच्या बारशालाच हजर. त्याचं खापर आमच्या थिएटरवर कशाला? ढेकूण होते. ढेकूण चाळीतही होते. आम्ही घरून घेऊन जायचो की तिथून घेऊन यायचो, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

बायकांच्या त्रासाबद्दल आपण बरंच सविस्तर लिहिलं आहे. त्रास लोकलमध्ये होता, बसमध्ये होता, म्हणून लोकल बंद करा असं कुणी म्हटलं नाही. आणि सरसकट विधानं करू नयेत. आमची आई दर मंगळवारी सिनेमा बघायची, कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. केबिनमध्ये स्टूल टाकून, दुसऱ्या झरोक्यातून बघायची. खाली बसायची तिला कधी गरजच पडली नाही. अण्णाच म्हणायचे, खाली नको. पुढे माझी बहीण मोठी झाली तेव्हा तिचंही स्टूल वरच आलं. त्या एवढ्याशा केबिनमध्ये आम्ही चौघं, मशिनांच्या उष्णतेत, उन्हाळ्यात अक्षरशः घामाने निथळत. पण मजा होती. तेव्हा हा मुद्दा मी इथेच सोडतो.

'मेली ते बरंच झालं' याला मात्र उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली आर्यन थिएटर सुरू झालं, १९८३ ला पाडलं. आज तिथे गाड्या लावतात आणि त्या जागेला 'आर्यन पार्किंग' म्हणतात. तिथल्याच मिनर्वा थिएटरचंही तेच. गाडी लावणाऱ्या पोराला विचारा आर्यन म्हणजे काय, तो म्हणेल मालकाचं नाव असेल. हे बरं झालं असं आपल्याला वाटत असेल तर वाटो बापडं.

मला माहीत आहे, आता आपण म्हणाल की प्रश्नाचं उत्तर अजून आलंच नाही. तर घ्या. आमचं थिएटर बंद झालं त्या आठवड्यात मी गेलो नव्हतो. ऑफिसात मार्च एंड होता. अण्णा गेले होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, नव्या ऑपरेटरने वर बोलावलं तरी वर गेले नाहीत, रांगेत उभं राहून अप्पर स्टॉलचं तिकीट काढून खाली बसले. सिनेमा कसा होता विचारलं तर म्हणाले, दोन चेंजओव्हर उशिरा झाले.

आणि मी तिकीट काढलं ते गेल्या महिन्यात. नातवाबरोबर, मॉलमध्ये, फोनवरून. खुर्ची चांगली होती, हेही लिहून ठेवतो, नाहीतर त्यावर आपली आणखी एक प्रतिक्रिया यायची.