‘खरा बडोदेकर’ यांना उत्तर (लेख छोटे लिहा म्हणाले, तरीही)

गेल्या आठवड्यातल्या माझ्या लेखावर ‘खरा बडोदेकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका मैफलीत विलंबित ख्याल रंगात आलेला असताना माझ्या पुढची मंडळी मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होती. त्यावरून मी लिहिलं होतं की एका तरी अवघड गोष्टीला ज्याने चिकाटीने, फायद्याचा विचार न करता वेळ दिलेला नाही, त्याच्याकडे पदवी असो, पगार असो, परदेशातला मुलगा असो, मी त्याला सुसंस्कृत म्हणणार नाही. प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो:

“काका, तुमच्यासाठी संस्कृती म्हणजे मैफलीचा पहिल्या रांगेतला पास. १९१७ साली तुमच्या याच संस्कारी नगरीत आंबेडकरांना राहायला खोली मिळाली नाही, तेव्हाही इथे गाणंबजावणं जोरात होतं. आधी सोसायटीत झाडायला येणाऱ्या बाईंना तुमच्याच कपात चहा द्या, मग आम्हाला शिकवा. आणि लेख जरा छोटे लिहा!!!”

शेवटचं आधी घेतो. लेख लांबला होता, मान्य. फैयाज खाँसाहेबांवरचा मधला परिच्छेद गाळला असता तरी चाललं असतं. उद्गारचिन्हही एकाने भागलं असतं, पण ते राहू दे.

आता ‘काका’. निवृत्त झाल्याचं मीच लिहिलंय, तेव्हा वयाबद्दल तक्रार नाही. पण काका म्हणून हाक मारणं निराळं आणि काका म्हणून टपली मारणं निराळं. टपली मारायचीच असेल तर निदान स्वतःचं नाव लिहून मारावी. मी माझ्या नावाने लिहितो, माझ्या फोटोसकट लिहितो. तुम्ही पडद्याआडून बोलणार, वर ‘खरा’ म्हणवून घेणार. मग आम्ही बाकीचे कोण? तुमचं वय कळायला मार्ग नाही म्हणून अहो-जाहो करतोय, एवढं लक्षात असू द्या.

पहिल्या रांगेतला पास! हे वाक्य वाचल्यावर मला झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. आजोबा रत्नागिरीकडून गायकवाडीत कारकुनी करायला आले. दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत आम्ही भावंडं वाढलो. पास कसला आणि रांग कसली? गणपतीत गाणं असायचं ते रस्त्यावर मांडव घालून, आणि सतरंजीची कड मिळाली तरी नशीब. वडील मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्याने ऐकायचे. आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे तबलजी राहायचे. त्यांनी मला दम दिला होता, “सम सापडेपर्यंत मान हलवायची नाही.” विलंबित एकतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे बोटांवर मोजत मोजत कळायला मला वर्षं लागली. तोवर मी मान हलवली नाही. लोक मला मठ्ठ समजायचे.

पुढे नंदेसरीला एका रंगाच्या कारखान्यात पाळीची नोकरी केली. दुसरी पाळी उरकून गावात येईपर्यंत मैफल अर्धी झालेली असायची. नखांत निळा-पिवळा रंग, अंगाला रसायनांचा वास. मी दाराशी उभा राहायचो आणि जवळ बसलेल्या बायका पदर नाकाला लावायच्या. तरीही जायचो. आज त्याच माणसाला तुम्ही पासवाला म्हणता? कुठल्या रांगेतून बघितलंत मला?

आणि बडोद्यात बसून ‘पास’ची भाषा करताना थोडा तरी इतिहास माहीत असावा. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये दरबारातले गवई मौलाबक्ष यांच्याकडे गायनशाळा सोपवली. घराण्याच्या दाराआडचं गाणं फळ्यावर लिहून शिकवता यावं म्हणून मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही इथेच. आणि नुसतं गाणंच कशाला? सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होता. १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले आणि वाचनालयांचं जाळं विणलं. त्यातली गावच्या वाचनालयाची युक्ती मला फार आवडते: गावाने वर्गणी काढायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे फुकट काही नाही, पण कोणाला अडवणूकही नाही. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या असायच्या. कडी प्रांतातल्या कुठल्याशा खेड्यात ज्या कुणब्याने कापसाच्या पैशातून दोन आणे त्या वर्गणीत टाकले असतील, स्वतःला वाचता येत नसताना टाकले असतील, तो माझ्या व्याख्येत बसतो. स्कोअर बघणारे बसत नाहीत. हेच मी लिहिलं होतं. वाचायचं असतं तर दिसलं असतं.

१९१७ची घटना खरी आहे, नाकारतोय कोण? बाबासाहेबांनी स्वतः ती लिहून ठेवली आहे. काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना पारशी सरायीतून बाहेर काढलं, शहरात कोणी आसरा दिला नाही आणि त्यांना कमाठी बागेत जाऊन बसावं लागलं. त्यांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवणारी शिष्यवृत्ती याच संस्थानची होती, हेही सोबत सांगायला हवं होतंत. ते बरं विसरलात. शहरात तेव्हा गाणं चालू होतं म्हणून गाणं गुन्हेगार ठरतं का? विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. माझ्या लेखाशी त्याचा संबंध नाही.

राहिला कप. परक्या माणसाने आमच्या घरातल्या भांड्यांची चौकशी करावी हे मला असभ्य वाटतं. कोणता कप कोणासाठी, हे खातं माझ्याकडे नाही, ते हिच्याकडे आहे. आणि त्या बाईंची स्वतःची तक्रार नसताना तुम्ही त्यांचं वकीलपत्र घ्यायचं कारण काय? दिवाळीला त्यांना साडी जाते, फराळ जातो. पण हे मी तुम्हाला का सांगतोय?

‘आम्हाला शिकवा’मधले ‘आम्ही’ कोण तेही कळलं नाही. मी कोणाला शिकवायला बसलेलो नाही. आवडलं तर वाचा, नाहीतर शेव-उसळ खायला जा, पाऊस चांगला पडतोय.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकावी असं मुलगी म्हणाली. मी काढणार नाही. मात्र यापुढे नाव न लिहिता आलेलं काही छापणार नाही, मग ते कौतुक का असेना.

मांजलपूरच्या ज्या ताईंनी मौलाबक्षांच्या स्वरलिपीची जुनी पुस्तकं कुठे बघायला मिळतील असं विचारलंय, त्यांनी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करून पाहावी. सकाळी लवकर जा, दुपारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.