पहिला पोहोचणारा शुक्राणू बहुधा मेलेला असतो

निकालाचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मतलब असा : जन्माआधी तू 40 कोटी शुक्राणूंबरोबर धावलास. तेव्हा तुला डोळे नव्हते, पाय नव्हते, सर्टिफिकेट नव्हतं, कुणाचा वशिला नव्हता. तरी पहिला आलास. मग आता का घाबरतोस?

धीर द्यायला माझी हरकत नाही. पण मी जीवशास्त्र शिकवतो, आणि उत्तरपत्रिकांत हीच गोष्ट मला परत वाचायला मिळते. म्हणून हा मेसेज जरा उसवून बघू.

‘40 कोटी धावले.’ आकड्यावरून भांडत नाही. एका वेळच्या वीर्यात 20-30 कोटी शुक्राणू सहज असतात, कधी त्याहून बरेच कमी, कधी जास्त. खटकतं ते ‘धावले’. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दिसतं ते असं : काही सरळ निघालेत, काही जागच्या जागी वळवळतायत, काही गोल गोल फिरतायत आणि बरेच नुसते पडून आहेत. कुणाला दोन डोकी, कुणाची शेपटी गुंडाळलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात 100 पैकी 4 शुक्राणू धड आकाराचे असले तरी चालतं. म्हणजे या 40 कोटींतले बहुतेक स्पर्धक कधी नव्हतेच.

‘तू पहिला आलास.’ इथे मेसेज सपशेल आपटतो. शुक्राणू स्वतःच्या बळावर मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर जातो. गर्भाशयाच्या तोंडापासून गर्भनलिकेच्या टोकापर्यंतची वाट त्याच्या मानाने प्रचंड. तरीही काही शुक्राणू थोड्याच मिनिटांत नलिकेत सापडतात. ते पोहून जात नाहीत. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि त्या हिसक्यांनी ते वर ढकलले जातात. असे सगळ्यांत आधी पोहोचलेले बहुधा मेलेले किंवा मोडलेले असतात.

जिवंत पोहोचला तरी त्याचा काही उपयोग नाही. ताज्या शुक्राणूला स्त्रीबीजात शिरताच येत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावर त्याच्या बाहेरच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, शेपटीचे फटकारे जोरकस होतात आणि मग तो कामाचा ठरतो. चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवून दिलं. तोवर प्रयोगशाळेतले फलनाचे प्रयत्न का फसतात हेच नीट उमगत नव्हतं.

मागून येणारे नलिकेच्या अरुंद भागात भिंतीला चिकटून थांबतात आणि थोडे थोडे सुटत राहतात. ते तिथे पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. उलट स्त्रीबीज अंडाशयातून सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. त्यामुळे संबंध मंगळवारी आणि फलन शुक्रवारी, असंही होतं. शर्यत म्हणायचीच असेल तर अशी, जिची शेवटची रेघ तीन दिवसांनी आखतात आणि तोवर धावणारे भिंतीला टेकून उभे असतात.

‘जिंकला तोच सर्वांत सरस.’ वृषणात एक शुक्राणू घडायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो. एका पेशीचं दोनदा विभाजन होऊन चार होतात, प्रत्येकात 23 गुणसूत्रं. पण या पेशी लगेच वेगळ्या होत नाहीत. बारीक पुलांनी त्या एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि त्यांतून प्रथिनं इकडून तिकडे जातात. शेवटी डीएनए इतका घट्ट आवळला जातो की जनुकांचं काम जवळपास थांबतं. तेव्हा शेपटी चालवणारा माल बहुतांशी सामाईक कोठारातला असतो. डोक्यात कोणती जनुकं आहेत याचा पोहण्याशी संबंध फार थोडा. जो पुढे गेला त्याच्यात हुशारीची जनुकं होती, असं यातून निघत नाही.

(मेसेजच्या काही आवृत्त्यांत ‘मुलाचा शुक्राणू जास्त वेगवान’ हेही चिकटवलेलं असतं. संगणकाने वेग मोजले तेव्हा एक्स (मुलीच्या) आणि वाय (मुलाच्या) शुक्राणूंत असा फरक दिसला नाही.)

‘तो तू होतास.’ माझा खरा राग या वाक्यावर आहे. 1694 मध्ये हार्टसोकर या डच शास्त्रज्ञाने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस काढला होता. मेसेज त्या चित्राच्या पुढे गेलेलाच नाही. सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज फॉन बेअर या शास्त्रज्ञाला 1827 मध्ये सापडलं, आणि तेव्हापासून तरी दुसरी बाजू विसरायला सबब उरली नाही. शुक्राणू निम्मी गुणसूत्रं आणतो. उरलेली निम्मी, जवळपास सगळा पेशीद्रव आणि शरीरातल्या पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया स्त्रीबीजाकडून येतात.

चाळणी बघायची असेल तर तीही त्याच बाजूला आहे. मुलगी पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या अंडाशयात 60-70 लाख बीजपेशी असतात. जन्मताना 10-20 लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात सुमारे 400 ते 500. यातलं प्रत्येक स्त्रीबीज जन्माआधीच विभाजन सुरू करून मध्येच थांबतं. अंडाशयातून सुटण्याच्या सुमारास पुढे सरकतं, पुन्हा थांबतं, आणि शुक्राणू आत आल्यावरच विभाजन पुरं करतं. म्हणजे तुझी निम्मी सुरुवात तुझी आई आजीच्या पोटात होती तेव्हाच झालेली. त्या वेळी तो शुक्राणू बनायला अजून कितीतरी वर्षं होती. एकदा शुक्राणू शिरला की बाकीच्यांना दार लावतं तेही स्त्रीबीजच. पृष्ठभागाखालच्या कणिका फोडून ते आपलं कवच कडक करून टाकतं.

‘ही शर्यत जिंकल्याशिवाय कुणी जन्मतच नाही.’ 1992 पासून असंख्य मुलं अशी जन्मली आहेत की ज्यांचा शुक्राणू एक पाऊलभरही धावला नाही. इक्सी या पद्धतीत भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून बघून एक शुक्राणू निवडतो. घट्ट द्रवात तो सावकाश हलत असतो. तज्ज्ञ काचेची सुई त्याच्या शेपटीवर आडवी टेकवतो आणि खाली दाबतो. शेपटीला बाक येतो, हालचाल बंद पडते. मग त्याला सुईत ओढून घेतात, दुसऱ्या काचनळीने धरून ठेवलेल्या स्त्रीबीजात सुई खुपसतात आणि त्याला आत सोडून देतात.