पिरॅमिड माणसांनीच बांधले

मुलांनो, एक व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. इजिप्तमधल्या गिझाचा मोठा पिरॅमिड माणसांना बांधताच आला नसता, असं त्यात म्हटलंय. लोखंड नव्हतं, क्रेन नव्हती, पिरॅमिड एकदम उभा राहिला आणि कुणी काही लिहूनही ठेवलं नाही. म्हणजे परग्रहवासी आले असणार! मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण ज्यांनी घाम गाळला त्यांचं श्रेयच त्यातून काढून घेतलं जातं.

लोखंडी हत्यारं नव्हती, हे खरं. पण तांब्याच्या छिन्न्या होत्या आणि बहुतेक दगड चुनखडीचे, म्हणजे त्या मानाने मऊ. ग्रॅनाइट मात्र तांब्याला दाद देत नाही. तिथे करवतीखाली वाळू टाकत. पॉलिश पेपरने लाकूड घासताना झीज कागद करत नाही, त्यावरचे खरखरीत कण करतात, तसंच हे.

क्रेनही नव्हती. दगड साधारण २३ लाख, एकेक सरासरी अडीच टनांचा. ते बिनचाकांच्या लाकडी घसरगाडीवर ठेवून माणसं दोरांनी ओढत, वर न्यायला उतार रचत. पण वाळूत गाडी रुतणार नाही का? समुद्रकिनारी कोरड्या वाळूत पाय रुततो, पण लाटेने भिजलेल्या वाळूवर मस्त पळता येतं, आठवतंय? जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे, पिरॅमिडनंतर काही शतकांनी काढलेलं. घसरगाडीवर प्रचंड पुतळा, ओढणाऱ्यांच्या लांब रांगा आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून गाडीपुढे पाणी ओतणारा एक माणूस! अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोग करून पाहिला. वाळू नेमकी हवी तेवढी ओली असली, तर जवळपास निम्म्या जोरात काम होतं.

‘एकदम उभा राहिला’ हे तर साफ चूक. आधी जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड झाला. मग स्नेफ्रू राजाचा दहशूरचा. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याच्यासाठी बांधला, त्या खुफू राजाचे हे वडील. दहशूरच्या या पिरॅमिडच्या बाजू मध्येच वाकल्यासारख्या दिसतात, कारण अर्ध्या वाटेवर उतार कमी करावा लागला.

आणि लिहून ठेवलेलंही सापडलंय. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे, खुफूच्या काळातले पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरचे लेख, मिळाले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली सुमारे ४० माणसं. तुरा इथल्या खाणीतून नावेत चुनखडी भरायची, नाईलवरून गिझाला पोचवायची, परत फिरायचं. आज दगड भरले, रात्री मुक्काम कुठे केला, हे सगळं तो लिहून ठेवायचा.