‘२०० आले म्हणजे पोचले’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

लातूर, परभणी, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील संगणक अभियंत्यांच्या, तसेच शेतकरी उत्पादक कंपन्यांचे काम पाहणाऱ्या तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : बाजारभाव असो की धोक्याचा इशारा, एसएमएसवर आता एक रुपयाही घालवू नये. प्रत्येक घटना काफ्कात, म्हणजे नोंदी रांगेने साठवून पुढे देणाऱ्या प्रणालीत, टाकावी आणि तिथून उचलून फायरबेस क्लाउड मेसेजिंगकडे (एफसीएम), म्हणजे ॲपच्या सूचना फोनांकडे नेणाऱ्या गूगलच्या सेवेकडे, द्यावी. तिकडून २०० हे, म्हणजे ‘ठीक आहे’ या अर्थाचे, सांकेतिक उत्तर आले की संदेश फोनवर पोचला असे समजावे. काफ्का ‘नेमके एकदाच’ची हमी देत असल्याने संदेश दोनदा जाण्याची भीती नाही. सर्वांना एकाच टॉपिकवर, म्हणजे एफसीएममधल्या एकाच सामाईक यादीवर, पाठवावे आणि प्राधान्य ‘हाय’ ठेवावे, म्हणजे झोपलेला फोनही जागा होतो.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे आणि पैसे वाचवण्याची गरजही खरी आहे. मी स्वतः लातुरात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीन-तुरीचे भाव कळवणारे ॲप सांभाळतो, आणि या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान मीही कधी ना कधी खरे मानले होते. त्यामुळे पुढील प्रतिवाद काही अंशी माझ्याच जुन्या समजुतींचा आहे.

पहिले विधान : ‘२०० आले म्हणजे पोचले.’ लातुरात शिकायला राहिलेल्या मुलांसाठी गावाकडून एसटीने डबे येतात. आई सकाळी फाट्यावर उभी राहून डबा वाहकाच्या हाती देते, आणि त्या क्षणी तिला एवढेच ठाऊक असते की वाहकाने डबा घेतला. मुलगा स्टँडवर वेळेत आला का, हे रिकामा डबा परत आल्यावरच तिला कळते. एफसीएमचे २०० हे त्या वाहकाचे उत्तर आहे. त्यासोबत संदेशाचा ओळखक्रमांक मिळतो, आणि संदेश पुढे नेण्यासाठी स्वीकारला आहे यापलीकडे त्याचा काही अर्थ नाही. फोन बंद असला, शिवारात रेंज नसली, वापरकर्त्याने सेटिंगमध्ये जाऊन ॲप सक्तीने थांबवले असले, किंवा २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून ॲपला जी सूचना-परवानगी स्वतंत्रपणे मागावी लागते तिला त्याने ‘नको’ म्हटले असले, तरी या चारही प्रसंगी सर्व्हरच्या नोंदवहीत २०० च दिसते. नाही म्हणायला, ॲप काढून टाकलेले असेल किंवा टोकन, म्हणजे त्या फोनवरच्या ॲपचा एफसीएमकडचा पत्ता, मेले असेल, तर एफसीएम ‘नोंदणी नाही’ असे स्पष्ट कळवते. अँड्रॉइडवर २७० दिवस संपर्कात न आलेल्या फोनचे टोकन कालबाह्य धरले जाते. असे उत्तर आले की ते टोकन त्याच क्षणी यादीतून काढावे. आमच्या यादीत विकलेल्या आणि फुटलेल्या फोनांची टोकने बराच काळ ‘सभासद’ म्हणून मोजली जात होती, आणि संचालक मंडळाला आम्ही तोच आकडा अभिमानाने सांगत होतो.

रिकामा डबा परत यावा अशी इच्छा असेल तर ती सोय आपणच करावी लागते. संदेश फोनवर उतरताच आमचे ॲप त्याची छोटी पोचपावती आमच्या सर्व्हरला पाठवते. ती आली म्हणजे संदेश फोनपर्यंत गेला असे म्हणता येते, वाचला असे तेव्हाही म्हणता येत नाही.

याच मुद्द्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि नुकसान प्रत्यक्षात तिनेच होते. पाठवणाऱ्याने मुदत सांगितली नाही, तर न पोचलेला संदेश एफसीएम चार आठवडे, म्हणजे २८ दिवसांपर्यंत सांभाळून ठेवू शकते. आमचा एक सभासद आजारी वडिलांना घेऊन दहा दिवस दवाखान्यात होता आणि त्याचा फोन बंद होता. घरी येऊन फोन चालू केल्यावर दहा दिवसांचे भाव एकामागून एक, तेही कोणत्याच क्रमाने नव्हे, पडद्यावर आले. सर्वांत वर दिसलेला सोयाबीनचा भाव आजचाच समजून त्याने टेम्पो भरला आणि आडतीवर गेल्यावर त्याला कळले की तो भाव आठ दिवसांपूर्वीचा होता. टेम्पोचे भाडे आम्ही भरले. तो राग मात्र भाड्याने गेला नाही, आणि तो रास्तच होता, कारण आमच्या नोंदवहीत त्या दहाही संदेशांपुढे २०० होते.

आता भावाच्या संदेशाची मुदत आम्ही सहा तास ठेवतो आणि मजकुरातच सौद्याची तारीख व वेळ लिहितो. शिवाय प्रत्येक मालाला एक ‘कोलॅप्स की’ दिली आहे, म्हणजे फोन बंद असताना त्या मालाचा फक्त शेवटचा संदेश शिल्लक राहतो. यातही एक मेख आहे. एका फोनसाठी एफसीएम एका वेळी जास्तीत जास्त चारच वेगवेगळ्या की सांभाळते, आणि त्याहून जास्त झाल्या तर कोणत्या चार राहतील याची हमी देत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा आणि मूग होते तोवर आमचे ठीक चालले होते, उडीद वाढवला तेव्हा हा नियम आम्हाला समजला.

दुसरे विधान : ‘काफ्का नेमके एकदाच देतो.’ हे अर्धे खरे आहे. २०१७ साली काफ्काच्या ०.११ या आवृत्तीत ही सोय आली. पण ती हमी काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहे. एफसीएमला केलेली विनंती काफ्काच्या व्यवहाराबाहेर घडते, आणि एकदा गेलेली विनंती काफ्का मागे घेऊ शकत नाही. कन्झ्युमरने, म्हणजे काफ्कातून नोंदी उचलणाऱ्या प्रोग्रामने, संदेश पाठवला आणि ऑफसेट, म्हणजे कुठवर वाचले याची खूण, नोंदवण्यापूर्वी तो कोसळला, तर पुन्हा उभा राहिल्यावर तोच संदेश दुसऱ्यांदा जाणार. ऑफसेट आधी नोंदवून मग पाठवायचे ठरवले आणि मध्येच कोसळला, तर संदेश कधीच जाणार नाही. यातले कोणते नुकसान चालेल ते आपण ठरवायचे असते.

आणि कोसळण्याचीही गरज नसते. काफ्काचा कन्झ्युमर मूळ मांडणीत एका फेरीत ५०० पर्यंत नोंदी उचलतो आणि दोन फेऱ्यांमध्ये त्याला जास्तीत जास्त ५ मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद मिळतात. एका दुपारी नेटवर्क मंदावले आणि एफसीएमला केलेली प्रत्येक विनंती सुमारे ०.७ सेकंद घेऊ लागली. आम्ही विनंत्या एकीमागून एक करत होतो, त्यामुळे ५०० नोंदींना ३५० सेकंद लागले. ३०० सेकंद उलटताच कन्झ्युमरांच्या गटाने त्या कन्झ्युमरला मेलेला समजून त्याची पार्टिशन, म्हणजे त्याच्या वाट्याच्या नोंदी, दुसऱ्याच्या हवाली केली, दुसऱ्याने त्याच ५०० नोंदी पहिल्यापासून सुरू केल्या, आणि तोही त्याच खड्ड्यात पडला. कोणतीही यंत्रणा बंद पडली नव्हती, तरी काही सभासदांना तुरीचा तोच भाव चार वेळा गेला. एकाने फोन करून विचारले, “साहेब, तूर इतकी तेजीत आहे का, की भाव चारदा सांगावा लागतो?”

उपाय दोन पातळ्यांवर करावा लागला. फेरीत ५०० ऐवजी ५० नोंदी घेतल्या आणि विनंत्या समांतर केल्या, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा : प्रत्येक सूचनेला माल आणि सौद्याची तारीख मिळून एक ‘टॅग’ दिला, म्हणजे तीच सूचना पुन्हा आली तरी फोनवर जुनीच्या जागी बसते, खाली नवी ओळ वाढत नाही. कोलॅप्स की न पोचलेल्या संदेशांवर काम करते आणि टॅग पोचलेल्यांवर. या दोहोंची गल्लत मी अनुभवी लोकांच्याही कामात पाहिली आहे. दुप्पट पाठवणी पूर्णपणे थांबवण्याच्या मागे लागण्यापेक्षा ती निरुपद्रवी करणे जास्त शहाणपणाचे, असे माझे मत झाले आहे.

तिसरे विधान, एकाच टॉपिकचे, थोडक्यात निकालात निघते. टॉपिकवरचा संदेश मोठ्या संख्येपर्यंत नेण्यासाठी बनवलेला आहे, वेगासाठी नव्हे. कमी वेळात पोचवायचे असेल तर टोकनांवर पाठवावे, असे एफसीएमच्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. शिवाय टॉपिक म्हणजे चावडीवरचा फळा असतो. त्यावर भाव लिहावा, कोणाची बाकी लिहू नये.

चौथे विधान प्राधान्याचे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून निश्चल पडलेला फोन डोझ, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या झोपेच्या, अवस्थेत जातो आणि ‘हाय’ प्राधान्याचा संदेश त्याला तात्पुरता जागे करू शकतो, हे बरोबर आहे. परंतु ही सवलत वापरकर्त्याला दिसणाऱ्या, तातडीच्या सूचनेसाठी आहे. ‘हाय’ संदेश पाठवून पडद्यावर काहीच दाखवले नाही, असे वारंवार घडले तर त्या ॲपचे संदेश खालच्या प्राधान्यावर ढकलले जाऊ शकतात. सक्तीने थांबवलेले ॲप तर ‘हाय’नेही उठत नाही, ते माणसाने उघडावे लागते. काही कंपन्यांच्या स्वस्त फोनांत बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली स्वतःचे आणखी निर्बंध असतात, आणि आमच्या सभासदांच्या खिशात बहुतेक तेच फोन आहेत. आयफोनचा मार्ग ॲपलच्या सेवेतून जातो, तिथे पार्श्वभूमीवरच्या मूक संदेशांना तर तासाला दोन-तीनच्या पुढे भरवसा धरू नये असे ॲपलच सांगते.

राहिले शेवटचे विधान, एसएमएस बंद करण्याचे, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. भाव उशिरा कळला तर भाडे वाया जाते. जायकवाडीतून पाणी सोडल्याचा निरोप गोदाकाठच्या गावात उशिरा पोचला, किंवा मृगाच्या पावसात झाडाखाली थांबलेल्या माणसाला विजेचा इशारा मिळाला नाही, तर हिशेब वेगळा होतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे आणि ते प्रत्येकाने घ्यावेच. पण २०२३ साली केंद्र सरकारने फोन मोठ्याने वाजवणाऱ्या ज्या इशाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या, त्या कोणत्याही ॲपमधून झाल्या नव्हत्या. ते सेल ब्रॉडकास्ट होते. टॉवर आपल्या टप्प्यातील फोनांना तो इशारा देतो, त्याला इंटरनेट लागत नाही, टोकन लागत नाही, आणि कोण सभासद आहे हेही विचारावे लागत नाही. एसएमएसचीही शंभर टक्के हमी नाही, हे मान्य आहे. तरीही डेटा संपलेल्या साध्या फोनवर तो उतरतो, पुश संदेश, म्हणजे एफसीएमसारख्या सेवेतून इंटरनेटने येणारी ॲपची सूचना, उतरत नाही.

म्हणून आमच्याकडे भाव फक्त पुशने जातात. पावसाचा आणि पाण्याचा इशारा आधी पुशने जातो, आणि दहा मिनिटांत ज्या फोनांची पोचपावती येत नाही तेवढ्याच क्रमांकांना मंजूर नमुन्यातला एसएमएस जातो. एसएमएसचे बिल त्यामुळे बरेच खाली आले, शून्यावर आले नाही. मागच्या बैठकीत एका संचालकाने तो खर्चही काढून टाकण्याचा ठराव मांडला, तेव्हा मी पोचपावती न आलेल्या क्रमांकांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. तिसऱ्या ओळीत त्यांच्याच सालगड्याचा क्रमांक होता.