सीताफळाच्या बिया लेकरांच्या डोक्याला लावू नका

दसरा जवळ आला की सीताफळाचा एक मेसेज आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरायला लागतो. त्यात म्हणतात: सीताफळ हे रामायणकाळापासून आपल्याच दंडकारण्यातलं, सीतामाईंनी वनवासात खाल्लं म्हणून हे नाव. बिया वाटून केसांना लावा, उवा जातात, अपाय काहीच नाही. कॅन्सर झाला तर पानांचा काढा घ्या, केमोची गरज नाही. माझं लहानपण बालाघाटाच्या डोंगरात याच झाडांखाली गेलं, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी बियांचं, कारण त्यात लेकरांच्या डोळ्यांशी गाठ आहे. गेल्या दिवाळीआधी भाचीच्या डोक्यात उवा झाल्या. ताईने वाळवलेल्या बिया खलबत्त्यात कुटल्या, खोबरेल तेलात कालवून डोक्याला थापल्या, वरून फडकं बांधलं. न्हाताना ते पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरलं. रात्री लेकरू डोळे उघडीना. पापण्या सुजलेल्या, दिव्याकडे बघवेना, नुसतं पाणी गळत होतं. बुबुळावरचा पातळ थर सोलला गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. उवा मरतात हे खरंच आहे. पण त्या ज्या विषाने मरतात, तेच बुबुळालाही भाजतं. नेत्रतज्ज्ञांच्या नियतकालिकांत अशा कितीतरी रुग्णांच्या नोंदी आहेत. डोळ्यात गेलंच तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. उवांसाठी ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, नाहीतर डॉक्टरांना विचारून लोशन आणा.

काढ्याचं म्हणाल तर प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी सीताफळाच्या कुळातल्या झाडांमधल्या रसायनांनी मरतात. पण तीच रसायनं मेंदूच्या पेशींनाही बाधतात. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर लक्ष्मणफळ खाणाऱ्या, त्याच्या पानांचा काढा पिणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला, हे १९९९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लक्ष्मणफळ सीताफळाचं सख्खं भावंड. आपल्या शेळ्यासुद्धा सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. केमो सोडून हा काढा कोणी पिऊ नये, हात जोडून सांगतो.

राहिलं नाव. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ ही तिन्ही मूळची उष्ण अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या काळात ती इकडे रुजली आणि नावं आपल्या लोकांनी मायेने ठेवली. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरच्या शिल्पांत इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला सीताफळ दिसलं होतं खरं, पण दगडातल्या खवल्याखवल्यांच्या फळाला फणसही म्हणता येतं. सीताफळाचे रानटी सोयरे सापडतात ते अमेरिकेच्या जंगलांत. ठेच्यातली मिरची आणि चटणीतला भुईमूगही तिकडूनच आले, म्हणून ते परके झाले का? पाण्याविना, मुरमाड उतारावर हे झाड आमच्या डोंगरात तगलं. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राने त्यातूनच 'धारूर-६' हा वाण निवडून दिला, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं.