बिनगियरचा जावई

सायकलला एकवीस गियर होते. ते काढून टाकायला मी दुकानदाराला पैसे मोजले हे घरी कळलं, तेव्हा बायको म्हणाली, "लोक बसवायला देतात." मग तिनं वाईला वडिलांना फोन लावला.

नानांनी तीस वर्षं वाई ते भुईंज सायकलनं जाऊन नोकरी केली. त्यांना मी नीट समजावलं. पुढे ३२ दाते, मागे १८ दाते, मधे एक चेन, विषय संपला. दणकट डोंगरी सायकल, पण गियर एकच. याला सिंगलस्पीड म्हणतात.

नाना जरा वेळ गप्प राहिले. "आम्ही सायकल म्हणायचो."

तर या सायकलवर मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, नाव दिलं. पुणे–पाचगणी–पुणे, मुदत साडेतेरा तास. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे असं आयोजक बजावून सांगतात, आणि सगळे एकमेकांच्या पोटऱ्यांकडे बघत मान डोलावतात. वाटेत बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. घ्यायचीच तर कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर. सकाळी सहाला सुटायचं आणि पाचगणीच्या कंट्रोलवर १२:४० च्या आत कार्डावर शिक्का मारून घ्यायचा.

पेडलच्या एका फेऱ्यात माझी सायकल चार मीटर जाते. चढ असो, उतार असो, चारच. त्यामुळे खेड शिवापूर येईपर्यंत सगळी मंडळी मला मागे टाकून गेली. त्यातले एक आजोबा जाता जाता "चेन अडकलीय का?" म्हणून विचारून गेले. खंबाटकी मी उभ्यानं चढलो, कारण बसून चढायची सोय पैसे देऊन काढून घेतली होती. उतारावर निराळीच गंमत. ताशी तीसला मिनिटाला १२०-१२५ फेरे होतात. लोणी यायच्या बेतात रवी फिरते तसे पाय फिरतात. त्याच्या पुढे पाय थांबवून एसटीत बसल्यासारखं नुसतं बसून राहायचं.

वाईत पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. स्टँडसमोर नाना उभे, हातात तीन पुडांचा स्टीलचा डबा. मी नियम सांगितला.

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही, नाना."

"सासऱ्याकडचं?"

"तुम्ही बाहेरचे धरले जाता."

पाच तास पेडल मारल्यावर सगळं रक्त मांड्यांत उतरलेलं असतं, एवढाच माझा बचाव. नानांनी काही न बोलता डब्याची कडी पुन्हा घट्ट लावली.

पुढे पसरणी घाट. दहाएक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. म्हणजे अडीच हजार फेरे. हा हिशेब करायला नको होता, कारण मग मी मोजायला लागलो. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. मला तिथं फक्त 'आई गं' एवढाच सूर लागला. गियरवाले लोक चढावर आणखी एक गियर खाली टाकतात. मी स्वतः खाली उतरलो. बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायची लोखंडी क्लीट, त्यामुळे चालताना बैलाच्या नालांसारखा आवाज. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. देखावा बघायला थांबलोय असा चेहरा करून मी तो चार वेळा पाहिला. चौथ्यांदा बघत असताना मागून हॉर्न वाजला.

एसटी. खिडकीत नाना, मांडीवर डबा. त्यांनी हात केला नाही. डबा तेवढा चार बोटं वर उचलून दाखवला.

कंट्रोलवर पोचलो, १२:३१. शिक्का मारणाऱ्या पोराच्या शेजारच्या खुर्चीत नाना. डबा उघडा. पोराच्या तोंडात थालीपीठ.

"इथं चालतं," नाना म्हणाले. "विचारून घेतलंय मी." मग त्या पोराकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "आमचे जावई. पगार तसा बरा आहे हो. पण गियर नाही झाले."